फळीत भोक पाडण्याआधी

सागाची एक रुंद फळी आहे. तिच्या मधोमध सिंकसाठी चौकोनी भोक पाडलंय. पावसाळा आला, हवा दमट झाली आणि फळी फुगली. आता ते भोक मोठं होईल की लहान?

बहुतेक जण पटकन 'लहान' म्हणतात. लाकूड फुगणार म्हणजे भोकातही सरकणार, असं मनात येतं. इंजिनिअरिंग झालेली मंडळीही इथे क्षणभर अडखळतात. खरं तर भोक मोठं होतं. भोक पाडायच्या आधी फळीवर पेन्सिलीने चौकोन आखला आहे असं समजा. फळी फुगली की तो आखलेला चौकोनही तिच्याबरोबर ताणला जाणार. आतलं लाकूड कापून काढलं म्हणून त्या रेघेचं वागणं बदलत नाही.

गंमत पुढेच आहे. हे भोक चारही बाजूंनी सारखं वाढत नाही. ओट्यावर बसवलेल्या फळीत ते पुढून मागे वाढतं आणि डावीकडून उजवीकडे जवळजवळ होतं तेवढंच राहतं. उन्हाळ्यात परत आखडतं, तेही फक्त पुढून मागेच. म्हणजे आज नेमक्या मापात बसलेलं सिंक आठ महिन्यांनी त्याच भोकात कोंडलेलं असू शकतं, आणि एका बाजूला ढिलं, दुसऱ्या बाजूला घट्ट असंही असू शकतं. खालच्या कपाटांवर लाकडी ओटा बसवून त्यात सिंक उतरवणं हे सुतारकाम म्हणून फार अवघड नाही. करवत, ड्रिल, जिगसॉ आणि एक शहाणा मिस्त्री असला की दोन दिवसांत उरकतं. अवघड आहे ते या फळीचा स्वभाव ओळखणं.

आपल्याकडे हा स्वभाव ओळखायची वेळ आली नाही, कारण आपले ओटे दगडाचे. चूल जमिनीवर होती तोवर ओट्याचा प्रश्नच नव्हता. उभ्याने स्वयंपाक सुरू झाला आणि खाली विटांच्या भिंती, वर कडप्पा हे गणित ठरून गेलं. पुढे ग्रॅनाइट आला. दगड एकदा सिमेंटात बसवला की त्याला ऋतू कळत नाही. कडप्प्याची खोड वेगळी: तो चुनखडीच्या जातीचा दगड, त्यामुळे लिंबू पिळताना चार थेंब पडले आणि वेळेत पुसले नाहीत, तर तिथली झिलई जाते ती जातेच. पण तो फुगत नाही, आखडत नाही.

सलग ओटा, खाली ठरावीक मापाची कपाटं आणि ओट्यातच बसवलेलं सिंक ही स्वयंपाकघराची कल्पना जगभर रुजली त्यात मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंचा मोठा वाटा आहे. 1926 साली त्यांनी फ्रँकफुर्टमधल्या स्वस्त घरांसाठी एक चिमुकलं स्वयंपाकघर आखलं. साधारण 1.9 मीटर रुंद, 3.4 मीटर लांब. कुठल्या वस्तूसाठी बाईला किती पावलं चालावं लागतं याचा त्यात हिशेब होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसली. पिठाचे डबे ओकचे, कारण ओकमध्ये पिठाला कीड लागत नाही असा समज. कामाची फळी बीचची, कारण ती सुरीला आणि डागाला दाद देत नाही. लाकूड निवडताना त्या बाईंनी केवढा विचार केला होता! पण बीच हलण्याच्या बाबतीत सागाच्या दुप्पट चंचल. ओल्या बीचची फळी पूर्ण वाळवली तर जास्तीत जास्त आखडणाऱ्या दिशेला ती 11-12 टक्के आखडते. साग 5.8 टक्के.

ही 'जास्तीत जास्त आखडणारी दिशा' काय प्रकार आहे हे बघायचं तर लाकडाच्या आत डोकवावं लागतं.

लाकूड म्हणजे कडब्याची पेंढी. हजारो बारीक पोकळ नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या, झाडाच्या मुळापासून शेंड्याच्या दिशेने. प्रत्येक नळीच्या भिंतीत सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि त्या बऱ्याचशा नळीच्या लांबीच्याच दिशेने धावतात. हवेतल्या पाण्याचे रेणू लाकडात शिरतात ते या साखळ्यांच्या मधल्या फटींत. एक रेणू शिरला की दोन साखळ्या किंचित दूर सरकतात. असे अब्जावधी रेणू शिरले की भिंत जाड होते, नळी जाड होते, फळी रुंद होते. साखळीची स्वतःची लांबी मात्र वाढत नाही. म्हणून फळीची लांबी जवळजवळ अचल: ओल्यापासून पूर्ण कोरडी होईपर्यंत 0.1 ते 0.2 टक्के, बस्स. आठ फुटी ओटा वर्षभरात लांबीला जेमतेम एक मिलिमीटर हलेल.

रुंदीची गोष्ट निराळी, आणि तिच्यातही दोन प्रकार. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेला साग 2.5 टक्के आखडतो, वर्तुळांच्या कडेकडेने 5.8 टक्के. गाभ्याकडून सालीकडे किरणांसारखे जाणारे पेशींचे पट्टे त्या दिशेला लाकडाला थोडं आवरून धरतात, हे त्याचं एक कारण. एकाच फळीत तीन दिशांना तीन वेगळ्या चाली असल्यामुळेच फळीला बाक येतो. ओंडक्यातून सरळसोट कापलेली फळी वाळताना तिची वर्तुळं जणू सरळ व्हायला बघतात आणि कडा वर उचलल्या जातात. म्हणून चांगला ओटा एका रुंद फळीचा नसतोच. दीड-दोन इंची पट्ट्या कडेला कडा चिकटवून केलेला असतो, आणि शहाणा कारागीर एका पट्टीची वर्तुळं वर तर शेजारचीची खाली अशी उलटसुलट लावतो. सगळा बाक एकाच दिशेला न साचता पट्टीपट्टीत जिरतो.

हे सगळं 'ओलं ते पूर्ण कोरडं' या टोकाच्या प्रवासाचं झालं. घरातल्या फळीचा प्रवास छोटा असतो, पण संपत कधीच नाही. लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत राहतं. हवेची आर्द्रता 30 टक्क्यांवर स्थिर ठेवली तर लाकडात वजनाच्या साधारण 6 टक्के पाणी टिकतं. 50 टक्क्यांवर 9, 65वर 12, 80वर 16. झाड तोडून वीस वर्षं झाली असोत की शंभर, हा व्यवहार चालू असतो. पावसाळ्यात कपाटाचं दार अडतं ते याच कारणाने. वाड्यातले म्हातारे दरवाजे अजून दर जुलैत कुरकुरतात.

आता पुण्याची हवा आठवा. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, ऑगस्टमध्ये 80च्या वर जाते. घरातल्या घरात दिवस-रात्रीची सरासरी धरून फळीतलं पाणी 7 टक्क्यांवरून 16 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. सागाचा हिशेब असा मांडतात: दर एक टक्का पाण्यामागे रुंदी हजारात एक ते जवळपास दोन भागांनी बदलते, फळी ओंडक्यातून कशी कापली आहे त्यावर. म्हणजे 600 मिलिमीटर खोलीचा ओटा वर्षभरात साडेपाच ते दहा मिलिमीटर पुढेमागे हलणार. दहा मिलिमीटर! करंगळीच्या रुंदीएवढं. पॉलिशने हा वेग मंदावतो, जाड फळीला पाणी आतवर पोचायला आठवडे लागतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी भरतो. पण शून्य होत नाही.

इथे एक उलटंच सत्य हाती लागतं. लाकडी ओट्याला कोकणातली दमट हवा मानवणार नाही असं आपण धरून चालतो. मुंबईत, रत्नागिरीत हवा बारा महिने दमटच. तिथे बुरशीची, वाळवीची काळजी खरी, पण फळीचं फुगणं-आखडणं त्या मानाने थोडं. खरी ओढाताण पुण्यात, त्याहून विदर्भात. मे महिन्यात पापडासारखी कोरडी हवा आणि जुलैत भिंतींना ओल. लाकडाला ओलाव्याचा त्रास नाही, चढउताराचा आहे.

आता खालची कपाटं. त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही, कारण त्यांचं काम साधं आहे: सगळी एका पातळीत उभी राहणं. पाय फिरवून, पाणसळ लावून बुडबुडा मध्यावर आणला की झालं. पातळी चुकली आणि वरून फळी स्क्रूने आवळली तर फळीला जन्मभराचा पीळ पडतो. सिंकखालचं कपाट मात्र चांगल्या प्लायचं हवं. 710 नंबरचं मरीन प्लाय म्हणतात ते. त्याच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. एमडीएफचं कपाट सिंकखाली लावणं म्हणजे गळतीची वाट बघत बसणं. प्लाय स्वतः लाकडाचंच, पण त्यात एकावर एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात. एका थराची लांबी शेजारच्या थराची रुंदी अडवून धरते, म्हणून प्लाय हलत नाही. न हलणाऱ्या पेटीवर हलणारी फळी बसवायची आहे, हा सगळा पेच आहे.

हा पेच सोडवताना एका मिस्त्रींना जवळून बघायला मिळालं. कपाटांच्या वरच्या बाजूला पुढे एक आणि मागे एक अशा आडव्या पट्ट्या असतात. स्क्रू या पट्ट्यांतून खालून वर फळीत जातो. पुढच्या पट्टीत त्यांनी साधी गोल भोकं पाडली. मागच्या पट्टीत दोन भोकं शेजारी शेजारी पाडून मधलं लाकूड पटाशीने काढलं. बोटाच्या पेराएवढी लांबट खाच झाली, भिंतीच्या दिशेने लांब. स्क्रूखाली रुंद वॉशर. स्क्रू टेकेपर्यंत आवळला, आणि मग पाव फेरा मागे घेतला.

"सैल राहील ना?" मी विचारलं.

"ताई, वर उचलून बघा."

ओटा तसूभरही उचलला गेला नाही. खालून पट्टीकडे बघितलं तर स्क्रू खाचेच्या बरोबर मध्यावर उभा होता, दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर मोकळे. वर-खाली पक्का, पुढे-मागे मोकळा. पुढचे स्क्रू गोल भोकात असल्यामुळे ओट्याची पुढची कड जागची हलणार नाही, दारांशी जुळलेली राहील. जी काय वाढ व्हायची ती मागे, भिंतीकडे. तिथे त्यांनी अर्ध्या इंचाला थोडी कमी अशी फट सोडली होती. डॅडोच्या टाइल्स त्या फटीवर येऊन थांबणार होत्या, म्हणजे वरून बघणाऱ्याला फट दिसणारही नाही. "भिंतीला चिकटवून द्या" असा आग्रह धरणारं गिऱ्हाईक त्यांना नेहमी भेटतं. ते 'हो' म्हणतात आणि फट सोडतात.

फट नाही सोडली तर काय होतं? मला वाटलं होतं फळी वर उचलली जाईल किंवा टाइल फुटेल. तसंही होतं. पण खरं नुकसान चोरपावलांनी येतं. फुगू पाहणारी फळी दोन बाजूंनी कोंडली तर तिच्या नळ्या आतल्या आत चेपल्या जातात. बाहेर काही दिसत नाही. पावसाळा सरतो, फळी वाळते, आणि आता ती मूळच्या मापापेक्षा लहान होते, कारण चेपलेल्या नळ्या परत पूर्ण फुलत नाहीत. त्यातच स्क्रूंनी तिला जागच्या जागी धरलं असेल तर ती तडकते. तडा दिसतो एप्रिलमध्ये. पडलेला असतो जुलैमध्ये. कुदळीचा दांडा ढिला झाला की तो रात्रभर पाण्यात ठेवायची गावाकडची रीत आहे ना, तिथेही हेच घडतं. दांडा फुगून लोखंडी कड्यात घट्ट बसतो, आणि लोखंड हलत नसल्यामुळे आतले तंतू चेपतात. चार दिवसांनी वाळला की पहिल्यापेक्षा ढिला. मग परत पाण्यात. दर खेपेला दांडा थोडा थोडा मरतो.

सिंकच्या भोकाकडे वळू. पहिला मुद्दा कापलेल्या कडांचा. भोक पाडलं की चार कडा उघड्या पडतात. पुढची आणि मागची कड तंतूंच्या बाजूने जाते, तिथे नळ्या आडव्या पडलेल्या दिसतात. डावी-उजवी कड तंतूंना आडवी कापते आणि तिथे नळ्यांची तोंडं उघडतात. सागाच्या कापलेल्या तुकड्यावर हे नुसत्या डोळ्यांना दिसतं: वर्तुळाच्या सुरुवातीला टाचणीने टोचल्यासारखी भोकांची ओळ. तुकड्याच्या सपाट अंगावर पाण्याचा थेंब ठेवा, तो बराच वेळ गोल फुगीर बसून राहतो. तसाच थेंब कापलेल्या टोकावर ठेवला तर बघता बघता पसरतो आणि ओला डाग तेवढा उरतो. झाड याच वाटेने मुळांतलं पाणी शेंड्याला नेत होतं. वाट अजून उघडी आहे. सिंकशेजारी काळे पडलेले लाकडी ओटे बघा, काळेपणा नेमका या दोन कडांपासून सुरू झालेला असतो. म्हणून सिंक बसवण्यापूर्वी भोकाच्या आतल्या कडांना, विशेषतः या दोन, पोट भरेपर्यंत तेल किंवा इपॉक्सी पाजायचं. वरच्या पृष्ठभागाला तीन हात देणारे आणि भोकाची कड कोरी ठेवणारे लोक मी पाहिलेत. कारण काय, तर ती सिंकखाली झाकली जाते.

साग या बाबतीत उदार आहे. त्याच्यात मुळातच तेलकट द्रव्यं असतात, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सिलिकाही असते, म्हणून सागावर रंध्याची धार लवकर बसते आणि मिस्त्री पुटपुटतात. सागाचा पाण्यातला टिकाऊपणा बघायचा तर 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बघावी. सागाची आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे, आणि अजून पाण्यावर तरंगते आहे. तिच्यापुढे आपल्या भांडी घासायच्या पाण्याची काय कथा.

दुसरा मुद्दा कोपऱ्यांचा. सिंकच्या भोकाचे कोपरे मिस्त्री टोकदार कापत नाहीत. आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलने गोल भोक पाडतात आणि मग जिगसॉने एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत जातात. पातं घालायला जागा हवी हे तर झालंच. पण गोल कोपरा फळीचा जीव वाचवतो. 1913 साली केंब्रिजचे इंजिनिअर चार्ल्स इंग्लिस यांनी गणिताने दाखवलं की ताणाखाली असलेल्या पत्र्याला भोक असेल तर भोकाच्या काठावर ताण कित्येक पटींनी साचतो. गोल भोकाशी तिप्पट. ताणाला आडवं पडलेलं लंबवर्तुळ रुंदीच्या दहापट लांब असेल, तर त्याच्या टोकाशी एकवीस पट. टोक जितकं तीक्ष्ण तितका ताण जास्त. मोठमोठ्या जहाजांचे पत्रे भोकांच्या कोपऱ्यांपासून का चिरतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. लाकूड पत्र्याइतकं सगळीकडे एकसारखं नाही, पण कोपऱ्याचं म्हणणं तेच. आखडू पाहणाऱ्या फळीला सिंकने पुढे-मागे अडवलं, की चीर कोपऱ्यातून निघते आणि तंतूंच्या बाजूने डावी-उजवीकडे सुसाट जाते. लाकूड तंतूंच्या दिशेने ओढलं तर दाद देत नाही, आडवं ओढलं तर लगेच फाटतं. सरपण फोडणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

योगायोग असा, की त्याच 1913 साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकांच्या नळ्या झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादं वितळवून बघत होते आणि त्यांना न गंजणारं पोलाद सापडलं. आपल्या सिंकचं स्टील त्याच घराण्यातलं. 304 जातीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. तारेच्या घासणीने ओरखडा काढला तर तिथे हा पापुद्रा हवेच्या स्पर्शाने आपला आपण परत धरतो. लोखंडी घासणीचे तुटके तुकडे मात्र शेजारच्या लाकडावर ओले राहिले तर निळे-काळे डाग पडतात. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून शाई तयार होते. हिरडा आणि हिराकस घेऊन पूर्वी पोथ्यांसाठी करायचे तीच. ओकचा किंवा बाभळीचा ओटा असेल तर हा खेळ एका रात्रीत होतो.

आता ते स्टील आणि ती फळी शेजारी बसवायची आहेत. स्टीलला ओलाव्याचं सोयरसुतक नाही, ते फक्त उष्णतेला ओळखतं. भाताचं उकळतं पाणी ओतलं तर दोन फुटी सिंक अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतं आणि लगेच परत येतं. फळीला तेवढ्या उष्णतेचं फारसं काही नाही, ती ओलाव्याने हलते आणि महिने घेते. या दोघांमध्ये सिलिकॉनचा थर असतो. नळीतून पिळताना व्हिनेगरचा वास येतो तो सिलिकॉन घट्ट होताना सुटणाऱ्या अॅसेटिक आम्लाचा. आणि घट्ट होण्यासाठी सिलिकॉनला काय लागतं? हवेतला ओलावा. बाकीचे डिंक-गोंद पाणी जाऊन वाळतात, हा पाणी घेऊन पक्का होतो. बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. ज्या दमट हवेने फळी फुगते त्याच हवेवर तिला सांभाळणारा रबराचा पट्टा तयार होतो, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. एक पथ्य पाळायचं: सिंकखालच्या क्लिपा इतक्या आवळायच्या नाहीत की सगळं सिलिकॉन पिळून बाहेर येईल. थराला जाडी असली तरच त्याला ताणायला जागा.

वजनाचाही विचार हवा. 24 बाय 18 इंची, नऊ इंच खोल सिंक काठोकाठ भरलं तर पन्नासेक लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो. वर कुकर, कढई. सिंक वरून टेकवलेलं असेल तर हे सगळं ओझं भोकाच्या कडेवर येतं, आणि सिंकपुढे उरलेली लाकडाची पट्टी तीन-सव्वातीन इंचांची. म्हणून त्या पट्टीखाली कपाटाची आडपट्टी सलग हवी. पाइपाला जागा हवी म्हणून ती कापून टाकणारे प्लंबर असतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं. लाकडी ओट्याला खालून चिकटवलेलं सिंक मी तरी घेणार नाही. दिसायला देखणं असतं, पण त्यात चारही कापलेल्या कडा रोज पाण्यात.

ओट्याच्या पुढच्या कडेखाली एक अरुंद खाच मारून घेतली तर उत्तम. वरून सांडलेलं पाणी कडेवरून खाली उतरतं तेव्हा ते सरळ पडत नाही, फळीच्या पोटाला चिकटून आत, कपाटाच्या दारांकडे चालत जातं. चहाची किटली हळू कलली की चहा तोटीखालून वाहतो, तसंच. खाचेशी आलं की त्याला पुढे जायला पृष्ठभाग उरत नाही आणि ते खाली टपकतं. खिडकीवरच्या छज्ज्याखाली गवंडी हीच युक्ती करतात.

शेवटचा हात तेलाचा. जवसाचं तेल, पेंटर ज्याला बेलतेल म्हणतात ते, वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचं घट्ट जाळं बनतं. वर आणि खाली दोन्हीकडे सारखं द्यायचं. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरडी सोडली तर फळी एका अंगाने जास्त पाणी पिते आणि बाक मारते. तेल वाळताना उष्णता सुटते. फळीवर ती हवेत निघून जाते. पण तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आतली उष्णता अडकते, वाढते, आणि फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. अशा आगी खरोखर लागतात. फडकी दोरीवर सुटी पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

राहता राहिला मुहूर्त. फळी आणली की लगेच कापू नये, दोन-तीन आठवडे त्याच स्वयंपाकघरात खाली-वर हवा खेळेल अशी ठेवावी. कापायला सगळ्यात बरे दिवस नोव्हेंबर-डिसेंबरचे, कारण तेव्हा फळी आपल्या वर्षभराच्या झोक्याच्या मध्यावर असते. पुढे थोडी आखडेल, मागाहून थोडी फुगेल. पण आपल्याकडे स्वयंपाकघर दिवाळीच्या आत हवं असतं. मिस्त्री सगळ्यात गडबडीत असतात ते सप्टेंबरात, आणि फळ्याही तेव्हाच चार महिन्यांचं पाणी पिऊन टम्म असतात. त्या दिवसांत नेमक्या मापाचं कापलेलं भोक एप्रिलपर्यंत फक्त आखडतच जाणार. तेव्हा दिवाळीआधीच करायचं असेल तर सिंकच्या पुढे आणि मागे चार-चार मिलिमीटर मोकळे सोडायला सांगा, डावी-उजवीकडे एक-एक पुरे. सिंकची कड एवढी फट सहज झाकते. तेच काम मे महिन्यात काढलं तर पुढे-मागेही एक-एक मिलिमीटरवर भागतं, कारण तिथून भोक वाढतच जाणार. फक्त वाढलेलं भोक सिंकच्या कडेबाहेर डोकावणार नाही ना, एवढं मोजून घ्यायचं.